भिंतीतला खिळा

पुण्यात किंवा मुंबईत भाड्यानं घर घेताना आपण जो करार भराभर पानं उलटत सही करून टाकतो, त्यात बरेचदा एक कलम असतं: भिंतींना खिळे ठोकू नयेत. करारात नसलं तर किल्ली देताना मालक तोंडी सांगतात, "तेवढं भिंतीला मात्र काही करू नका हं." आपण मान हलवतो. मग पुढची दोन-तीन वर्षं आरसा टेबलावर टेकवलेला राहतो, घड्याळ फ्रिजवर बसतं आणि कॅलेंडर दाराच्या कडीला लटकतं.

मागणी इतकी क्षुल्लक आहे की तिच्यावर कुणी वाद घालत नाही. पण भाड्याच्या घराचा सगळा पेच तिच्यात आहे. मालकाचं म्हणणं चूक नाही: भिंत त्याची आहे, तुम्ही उद्या जाल आणि भोक मागे राहील. भाडेकरूचंही चूक नाही: मी इथं राहण्याचे पैसे देतो आणि राहणं म्हणजे नुसतं रात्री झोपायला येणं नव्हे. भिंत एक, तिच्यावर हक्क दोघांचा, आणि दोन्ही हक्क खरे. मग हे दोघं एकमेकांचं काय देणं लागतात? भाडं वेळेवर दिलं आणि घर वेळेवर सोडलं की सगळा हिशेब मिटतो का?

भाडं नेमकं कशाचं?

दुकानातून वस्तू आणली की ती आपली होते. घर भाड्यानं घेतलं की आपलं काहीच होत नाही. आपण विकत घेतो तो त्या घरातला काळ. पण माणूस कुठंही काळ घालवतो तेव्हा मागे खुणा ठेवतो. फोडणीचा धूर ओट्यामागच्या टाइल्सवर बसतो. दिव्याच्या बटणाभोवती बोटांचा करडा डाग पडतो. बोअरच्या पाण्यानं नळावर पांढरा थर चढतो. खुर्ची मागे सरकते तिथं भिंतीवर एक रेघ उमटते. यात हेळसांड कुठंच नाही, हे नुसतं राहणं आहे.

कायद्याला हे फार पूर्वी कळलं होतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं, की भाडेपट्ट्यानं मालमत्ता घेणाऱ्यानं ती घेतली त्या स्थितीत परत करावी. मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीनं झालेले बदल त्यातून वगळावेत. 'वाजवी झीज' हे शब्द मला त्या कायद्यातले सर्वांत शहाणे शब्द वाटतात. वापरलेली वस्तू झिजणारच आणि त्या झिजण्याची किंमत भाड्यातच धरलेली आहे, हे त्यात मान्य केलं आहे.

आता घर सोडतानाचा नेहमीचा प्रसंग घ्या. समजा महिना वीस हजार भाडं, साठ हजार अनामत, तीन वर्षांचा मुक्काम. शेवटच्या दिवशी मालक म्हणतात, रंगकामाचे पंधरा हजार कापून घेतो. आपल्याला राग येतो, पण तो नीट मांडता येत नाही, कारण भिंती खरोखरच मळलेल्या असतात. तो मांडता येतो असा: घराचा रंग साधारण पाच वर्षं टिकतो असं धरलं, तर तुम्ही राहत होता त्या तीन वर्षांत तो झिजायचाच होता. ती झीज तुम्ही सात लाख वीस हजार रुपये भाडं भरून विकत घेतली आहे. तिचेच पैसे अनामतीतून पुन्हा कापणं म्हणजे एका मालाची दोनदा विक्री. तुमच्या मुलानं खडूनं अख्खी भिंत रंगवली असेल किंवा तुम्ही एखादी भिंत परस्पर काळी केली असेल, तर ते नुकसान. ते भरून द्यायलाच हवं. पण तिथंही संपूर्ण नव्या रंगाचे पैसे लागू होत नाहीत. त्या रंगाचं उरलेलं आयुष्य दोन वर्षांचं होतं, तेवढंच तुमच्या माथी येतं.

झीज कुठं संपते आणि नुकसान कुठं सुरू होतं, ही रेषा ओढणं सोपं नाही. पण अनामतीवरून होणारी बरीचशी भांडणं याच रेषेवरची असतात, आणि तरीही घर घेताना या रेषेबद्दल कुणीच बोलत नाही.

परवानगीनं राहणारे

मराठीत भाडेकरूला जुना शब्द होता: बिऱ्हाडकरू. बिऱ्हाड म्हणजे संसाराचं सामानसुमान आणि ते मांडलेली जागा, दोन्ही. मालकाच्या घरात बिऱ्हाडकरू आपला संसार मांडायचा, आणि दोघंही ते तसंच समजत. भाडेकरूसाठीच 'कूळ' हा शब्द शेतीतून आला, आणि कूळ म्हणजे घराणंसुद्धा. या शब्दांमध्ये राहणाऱ्याला काही वजन होतं.

आज आपण ज्या करारावर सही करतो त्याचं नाव 'लीव्ह अँड लायसन्स'. त्यात आपण कायद्याच्या काटेकोर अर्थानं भाडेकरूही नसतो. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स म्हणजे अशी परवानगी, जी नसती तर तीच कृती बेकायदा ठरली असती. थोडक्यात, आपल्या बेडरूममध्ये आपलं झोपणं ही मालकानं दिलेली सवलत आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते.

हे मालकांच्या दुष्टपणातून आलेलं नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानं प्रमाण भाडं मोठ्या प्रमाणावर १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. युद्धानंतर आणि फाळणीनंतर मुंबईत घरांची टंचाई असताना ते आवश्यकही होतं. पण टंचाईच्या काळासाठी केलेली सोय पन्नास वर्षं तशीच राहिली. मालकांनी पळवाट म्हणून भाड्याऐवजी लायसन्सचे करार सुरू केले. सरकारनं १९७३ साली दुरुस्ती करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांचा विश्वास आणखी उडाला. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाडं असं गोठवून ठेवणं अवाजवी असल्याचं म्हटलं, आणि १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

म्हणून आज एखादे काका अकरा महिन्यांच्या पलीकडे एक दिवसही बोलायला तयार नसतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही नसता. दादरला किंवा गिरगावात महिना शे-दीडशे रुपये भाड्यावर तीन पिढ्या राहिलेलं कुणीतरी कुटुंब असतं. त्यांची भीती खरी आहे. पण अमक्याच्या आजोबांनी घर सोडलं नाही, याची किंमत वाकडला पहिली नोकरी करणाऱ्या मुलीनं का मोजावी, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

गळकं छप्पर कोणाचं?

भाडं गोठलं तेव्हा आणखी एक गोष्ट घडली, आणि जबाबदारी म्हणजे काय हे समजून घ्यायला ती फार उपयोगी आहे. मालक म्हणाला, एवढ्याशा भाड्यात मी दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणाला, इमारत माझी नाही, मी पैसे का घालू? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. दोघं बरोबर असताना चाळी मात्र ढासळत गेल्या. शेवटी १९६९ साली सरकारला वेगळा कायदा करून मुंबईत इमारत दुरुस्ती मंडळ स्थापावं लागलं आणि त्यासाठी उपकर लावावा लागला. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द आपण दर पावसाळ्यात, एखादी इमारत कोसळल्याच्या बातमीत, वाचतो तो तिथून आला.

यातून एक कळतं. हक्काची वाटणी करता येते. घर मात्र अखंड असतं. मालकी त्याच्याकडे आणि वापर माझ्याकडे असं कागदावर लिहिता येतं, पण पाण्याची गळती कागद वाचत नाही. स्लॅबमधून ओल उतरते तेव्हा ती एकाच वेळी मालकाच्या मालमत्तेत आणि माझ्या गादीवर उतरते.

मग जबाबदारी कशी वाटायची? मला एक साधा नियम पटतो. ज्याला दिसतं त्यानं सांगावं आणि ज्याच्या हातात आहे त्यानं करावं. घरात राहणारा मी. सिंकखालचा पाइप थेंब थेंब गळतोय हे मालकाला दिसणं शक्यच नाही, मलाच दिसणार. 'माझं काय जातंय, अजून चार महिने तर राहायचंय' असं म्हणून मी खाली बादली ठेवली आणि गप्प बसलो, तर लाकडी कपाट कुजेल. त्या कुजण्याला झीज म्हणता येणार नाही, ती माझी हेळसांड आहे. करारात असं कलम नसलं तरीही. आणि मी कळवल्यावर फोन न उचलणं, 'बघू, पाठवतो माणूस' असं म्हणून दोन महिने काढणं, ही मालकाची हेळसांड आहे.

कायदाही साधारण याच दिशेनं जातो. भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. केंद्रानं २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला, त्यात तर कामांची यादीच आहे. मुख्य बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, पाइपलाइन, वायरिंग मालकाकडे. नळ आणि नळाचे वायसर, तुंबलेलं गटार, बटणं-सॉकेट, गीझर, खिडकीची फुटलेली काच भाडेकरूकडे. घराच्या अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादाही त्यात आहे. हा फक्त नमुना आहे. राज्यानं स्वीकारला तरच तो तिथं लागू होतो. पण आपल्या करारात अशी यादी घालायला कुणाची बंदी नाही. अर्धा तास लागतो, आणि पुढची दोन वर्षं शांत जातात.

दुसरी किल्ली

बऱ्याच मालकांकडे घराची दुसरी किल्ली असते. आग लागली, नळ उघडा राहिला, तर ती हवीच. प्रश्न ती किल्ली असण्याचा नाही, वापरण्याचा आहे. रविवारी सकाळी बेल न वाजवता आत येणारे मालक, 'सहज चक्कर मारली' म्हणत स्वयंपाकघरात डोकावणारे मालक, फ्रिजमध्ये काय आहे याची चौकशी करणारे मालक. त्यांना यात काही वावगं वाटत नाही, कारण त्यांच्या मनात ते स्वतःच्याच घरात आलेले असतात.

अमेरिकन कायदेपंडित मार्गारेट रॅडिन यांनी १९८२ मध्ये एका निबंधात मालमत्तेचे दोन प्रकार मांडले. काही वस्तूंशी आपलं 'मी'पण जोडलेलं असतं. काहींच्या जागी तेवढेच पैसे आले तरी आपलं काही बिघडत नाही. एखाद्याची लग्नाची अंगठी आणि सराफाच्या काउंटरवरची अंगठी एकाच सोन्याची असली तरी एक नसतात. रॅडिन हाच फरक भाड्याच्या घराला लावतात. मालकासाठी ती व्यवसायाची वस्तू, भाडेकरूसाठी ते राहतं घर. म्हणून भाडेकरूच्या दाव्याला जास्त वजन द्यायला हवं.

आपल्याकडे हे एवढं सरळ बसत नाही. इथला मालक बरेचदा गडगंज बिल्डर नसतो. भविष्यनिर्वाह निधीतून फ्लॅट घेतलेल्या निवृत्त बाई असतात, त्यांचं औषधपाणी त्या भाड्यावर चालतं. किंवा स्वतःच अजून हप्ते फेडणारा तिशीतला माणूस असतो. त्या फ्लॅटमध्ये त्यांचंही 'मी'पण गुंतलेलं असतं. तरीही रॅडिन यांच्या मांडणीतला गाभा टिकतो. बाईंची गरज भाडं वेळेवर येण्यानं आणि घर शाबूत राहण्यानं पूर्ण होते. आत राहणाऱ्याची गरज मात्र फक्त दार बंद करता येण्यानंच पूर्ण होते. यायचं असेल तर आदल्या दिवशी विचारणं यात मालकाचं काहीच जात नाही आणि राहणाऱ्याला जवळजवळ सगळं मिळतं. केंद्राच्या नमुना कायद्यातही चोवीस तास आधी कळवण्याची अट आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या काळात ती पाळायला फार कष्ट पडत नाहीत.

दार कोणाला उघडतं?

आतापर्यंत आपण घर मिळालेल्यांबद्दल बोललो. पण मालकाची पहिली जबाबदारी त्याआधी सुरू होते, 'भाड्यानं देणे आहे' हे जाहीर केल्याच्या क्षणी.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. रोजचे ठरलेले पैसे ते देत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला त्यांना बजावण्यात आलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात त्यांनी हे नोंदवलं आहे. ते पैसे भरत होते, जागा नीट वापरत होते. करारात बसणारं त्यांचं कुठलंच कर्तव्य चुकलेलं नव्हतं.

आज काठ्या घेऊन कुणी येत नाही. "आडनाव काय म्हणालात?" असं विचारतात. मग घर 'कालच गेलेलं' असतं. संविधानाच्या कलम १५ नं दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची दारं सर्वांना उघडली. खासगी घर भाड्यानं देण्याचा उल्लेख त्यात नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला घरात राहण्यापासून अडवणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं गुन्हा ठरवलं, पण खरं कारण कधी बोललंच जात नाही. धर्म, जात, आहार, एकट्या मुली, लग्न न झालेलं जोडपं: प्रत्येकासाठी 'कालच गेलं' तयार असतं.

'माझं घर, मी ठरवणार' हे उत्तर अपुरं आहे. तुम्ही राहत्या घरातली एक खोली देत असाल, एकच स्वयंपाकघर वापरणार असाल, तर कुणासोबत राहायचं हे ठरवणं समजू शकतं. पण वेगळा फ्लॅट बाजारात मांडल्यावर प्रश्न विचारायचे ते घराशी संबंध असलेले: भाडं परवडेल का, आधीच्या घराचं भाडं नीट भरलं होतं का, किती जण राहणार? ताटात काय आहे आणि देव्हाऱ्यात कोण आहे, याचा भिंतीच्या झिजेशी संबंध नाही. शिवाय जो नाकारला जातो त्याचं फक्त एक घर जात नाही. दहा मालकांनी आपापली 'वैयक्तिक आवड' सांगितली की त्याच्यासाठी अख्खा परिसर बंद होतो.

बरोबरी नसलेल्या दोघांचं देणं

मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्यं सारखी नाहीत, कारण दोघांची ताकद सारखी नाही. भांडण झालं तर मालकाचा त्रास पैशांचा असतो. भाडेकरूला महिन्याभरात नवं घर, नवा दलाल, नवी अनामत शोधायची असते. म्हणूनच कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरलं जातं. हा पक्षपात नव्हे. ज्याच्या हातात जास्त, त्याच्याकडून अपेक्षा जास्त.

पण कमी ताकद म्हणजे कर्तव्यातून सूट नव्हे. 'घर आपलं थोडंच आहे' हे वाक्य भाड्याच्या घरात ऐकू येतं, आणि मग बाल्कनीचं भोक तुंबू दिलं जातं, ओट्यावर थेट गरम कुकर ठेवला जातो. त्यानं मालकाचं नुकसान होतं, हा त्यातला अर्धाच भाग. आपण निघून गेल्यावर तिथं आणखी कुणी राहायला येणार आहे. आपल्यानंतरचा भाडेकरू आपल्याला कधी भेटत नाही, करारात त्याचं नाव नसतं, पण आपण टाकलेली प्रत्येक हयगय त्याच्या वाट्याला येते. मालकाच्या मनात भाडेकरू या जातीबद्दल जो संशय साचतो, तोही त्यालाच भोगावा लागतो. उलट मालकानं विनाकारण कापलेली अनामत पुढच्या मालकाला भोवते; कारण मग भाडेकरू शेवटचे दोन महिने भाडंच देत नाहीत, 'अनामतीतून वळतं करून घ्या' म्हणतात. अविश्वास असा एका घरातून दुसऱ्या घरात बिऱ्हाड हलवत राहतो.

मग भिंतीत खिळा ठोकावा का? माझं उत्तर: ठोकावा, विचारून ठोकावा, आणि जाताना भोक बुजवून द्यावं. शंभर-दीडशे रुपयांची पुट्टी आणि दहा मिनिटं लागतात. आणि मालकांनी हो म्हणावं. कारण आई-वडिलांचा फोटो लावायला ज्या घरात जागा नाही, त्या घराची काळजी घ्यावीशी कुणाला वाटेल? माणूस सांभाळतो ते त्याला आपलं वाटतं तेच, मग ते अकरा महिन्यांपुरतं का असेना. मालकाला घर शाबूत हवं असेल, तर आत राहणाऱ्याला ते थोडंसं आपलं वाटू देणं यात त्याचाही फायदा आहे.